पूर, दरडी आणि आपलं रान : सीमाभागातली जमीन कशी घडली, कशी बदलायली?

मळीकाठ

नमस्कार मंडळी.

आमचं रान कृष्णेच्या काठाला, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यात. २०१९ चा पूर इथल्या सगळ्यांच्या ध्यानात असणारच. ऑगस्टात पाणी शिवारात शिरलं ते आठवडाभर हललं नाही. यडूर, कल्लोळ, मांजरीकडची रानं पाण्याखाली, यमगर्णीजवळ हायवेवर वेदगंगेचं पाणी. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत. पंचनामे आणि भरपाई यावर इथं मागं भरपूर लिहून झालंय, ते परत उकरायचं नाही.

मला विचारायचंय ते जमिनीचं. आमच्या रानात आणि नदीत पूर्वी बाभळींची एक रांग आणि तिच्या खाली एक ताल (आधाराचा बांध) होती. आता बाभळी गेल्या, ताल गेली, दरसाल कड थोडी थोडी आत सरकायली. समोरच्या काठाला मात्र मळी (गाळाची जमीन) चढायली. तिथं लोक काकडी-दोडका करायलेत. नदी आमचीच बाजू का खायली?

दुसरं. चुलत्यांचं रान आमच्याला लागूनच, नदीपासून जरा मागं. पूर उतरल्यावर त्यांच्यात मऊ गाळ बसला, पुढच्या सालचा ऊस झकास आला. आमच्यात ढोपराएवढी वाळू. एकच नदी, एकच पूर, बांधाला बांध. मग हा दुजाभाव का?

लेकीला शाळेत ‘आपत्ती’ वेगळ्या शिकवतात आणि ‘भूरूपं’ वेगळी. मला इथं बांधावर उभं राहून बघताना दोन्ही एकच दिसायलेत. जाणकारांनी सांगावं.

निपाणी_नाका

वेदगंगेला पण हेच. लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही, पण धागा वाचायलोय.

दगडधोंडे

मळीकाठ, दोन्ही प्रश्नांचं उत्तर पाण्याच्या वेगात आहे.

कृष्णा सांगलीकडून तुमच्याकडं येते तिथं तिला उतार फार कमी. अशी नदी सरळ वाहत नाही, वळणं घेत जाते. वळणावर पाण्याचा रेटा बाहेरच्या काठावर पडतो. तिथं डोह खोल होत जातो आणि काठाचा पाया पोखरला जातो. वरचं पाणी बाहेरच्या काठाकडं गेलं की तळाचं पाणी उलट आतल्या काठाकडं वळतं आणि जाताना वाळू-गाळ तिकडं नेऊन टाकतं. तुमची ढासळलेली कड आणि समोरच्यांची मळी हे एकाच प्रवाहाचं काम आहे. तुम्ही वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहात, हे न बघता सांगतो.

आता पुढच्या पुराला एक गोष्ट बघा. पाणी चढत असताना काठ फारसा ढासळत नाही. नदी तुडुंब असते तेव्हा तिचंच पाणी काठाला बाहेरून टेकू देतं. ढासळतो तो पूर उतरताना. नदी भराभर खाली जाते, पण मातीत मुरलेलं पाणी तेवढ्या वेगानं बाहेर पडत नाही. माती भिजून जड झालेली, आतून पाण्याचा दाब आणि बाहेरचा टेकू काढून घेतलेला. मग कडेला समांतर भेग पडते आणि अख्खा तुकडा खाली बसतो. ‘पूर गेला, आता बघून येऊ’ म्हणत लोक कडेला उभे राहतात ना, ती सगळ्यात वाईट वेळ.

वाळूचं असं. पूर पात्राबाहेर पडला की पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की जड माल आधी खाली बसतो, म्हणजे वाळू, काठालगतच. बारीक गाळ पाण्याबरोबर पुढं जातो आणि पाणी जिथं थांबतं तिथं बसतो. तुमचं रान पुढं, चुलत्यांचं मागं. शिवाय बाभळींची रांग जिथं तुटली तिथून पाणी जोरानं आत घुसलं असणार आणि त्यानं पात्रातली वाळू सोबत आणली.

हेच शेकडो पूर चालू राहिलं की नदीलगतची पट्टी उंच होते आणि मागची जमीन सखल राहते. काठावरची बरीच जुनी गावठाणं अशा उंचवट्यावर आहेत. तो उंचवटा पुरांनीच बांधलेला आहे.

मळीकाठ

सर, भेगेचं तंतोतंत. पाणी उतरल्यावर आम्ही मोटर बघायला गेलो होतो. कडेपासून दोन-तीन हात आत, जमिनीला हाताचं बोट जाईल एवढी चीर, लांबच लांब. आम्हाला वाटलं काळं रान आहे, ऊन पडलं म्हणून भेगाळलं. मागं फिरलो आणि जेवून परत आलो तर मोटरीचा पाइप हवेत लोंबकळायला, खाली जमीनच नाही.

वळणाचं पण बरोबर. आम्ही बाहेरच्याच अंगाला.

वाळूचा_हिशेब

सगळं नदीच्या माथी मारू नका ओ सर.

पूर्वी पुराबरोबर गाळ यायचा, काठ खाल्ला तरी कुठंतरी भरून निघायचा. आता वर कोयना, राधानगरी, काळम्मावाडी. धरणात पाणी थांबतं तसा गाळही तिथंच बसतो. खाली सुटतं ते निवळ पाणी, आणि अंगावर ओझं नसलेलं पाणी तळ आणि काठ जास्त उकरतं. त्यात आपण पात्रातली वाळू उपसली. तळ खाली गेला की काठाची उंची आपोआप वाढते, आणि उंच काठ लवकर ढासळतो. काठाची माती वीटभट्टीला विकणारे कोण, आपणच की. मग पूर आल्यावर ‘निसर्ग कोपला’.

दगडधोंडे

वाळूचा_हिशेब, तुमचं म्हणणं मान्य आहे. एकच भर घालतो. नदी वळण सरकवत होतीच, धरणं नव्हती तेव्हाही. तिला जे काम करायला दोन पिढ्या लागल्या असत्या ते वाळू उपशामुळं एका पिढीत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत.

टिळकवाडी_कट्टा

मूळ मुद्दा सोडून सगळे भूगोल शिकवायलेत. आलमट्टी धरणाची फूग (तुंबलेलं पाणी) मागं येते म्हणून पूर येतो, हे शेंबडं पोर पण सांगेल. दरवाजे वेळेत उघडले असते तर ही वेळच आली नसती.

राखणदार

कट्टेकरी, हा वाद दर पावसाळ्यात होतो आणि दर वेळी धागा बंद करावा लागतो. २०१९ नंतर महाराष्ट्र सरकारनंच वडनेरे समिती नेमली होती. तिनं सांगली-कोल्हापूरच्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलेलं नाही. ते पटत नसेल तर वेगळा धागा काढा. म्हादई, सीमाप्रश्न आणि आलमट्टी हे तीन विषय या धाग्यावर नकोत. धाग्याचा विषय जमीन आहे.

टिळकवाडी_कट्टा

बरं. गप्प बसतो.

घटप्रभाकाठ

आमचं गोकाक राहिलं की. २०१९ ला गोकाकात पाणी शिरलं तेव्हा सगळे घटप्रभेवरच्या हिडकल धरणाकडं बोट दाखवायले होते. पण हिरण्यकेशी आंबोलीकडून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येते आणि हिडकलच्या खाली घटप्रभेला मिळते. मार्कंडेय गोकाकजवळ मिळते. या दोघींवर हिडकलचा ताबा नाही. तिघींचं पाणी एकाच दिवशी आलं की दुसरं काय होणार?

पण मला विचारायचंय धबधब्याचं. ५२ मीटरची उडी, घोड्याच्या नालेचा आकार. तो आकार नदीनंच केलाय का? आणि खालची दरी एवढी खोल कशी?

दगडधोंडे

घटप्रभाकाठ, गोकाक हे आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात उघडं पुस्तक. दोन वेगळ्या काळांतले खडक तिथं शेजारी बघायला मिळतात.

आपल्या उत्तर आणि पश्चिम भागातला काळा पाषाण म्हणजे लाव्हा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. डोंगराच्या टोकातून उसळलेला ज्वालामुखी डोळ्यापुढं आणू नका. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा पसरत गेला, थरावर थर. महाबळेश्वरकडं त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर असल्याचं मानतात. दक्षिणेकडं तो पातळ होत येतो आणि आपल्या जिल्ह्यात संपतो. म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातल्या एका मोठ्या उत्पाताची दक्षिणेकडची कड आपल्या गावांतून जाते. चिकोडी-अथणीची काळी जमीन त्याच लाव्हाची झीज होऊन झाली. आज उसाला जी माती आपण गोंजारतो तिचा बाप ज्वालामुखी आहे.

गोकाकच्या कड्याचा खडक मात्र वेगळा. तो वाळूचा, कलादगी गटातला, लाव्हाच्या दहापटीहून जुना. कधीकाळच्या पाण्यात साचलेली वाळू दबून घट्ट झाली. या खडकात आडवे थर आणि उभ्या चिरा असतात. पाणी चिरांतून शिरतं, खाली पडणाऱ्या पाण्याचा मार पायथा पोखरतो आणि वरचे ठोकळे सुटून पडतात. असा एकेक ठोकळा पडत धबधबा उगमाच्या दिशेनं मागं सरकतो. खालची दरी ही धबधब्याची मागची वाट आहे. मधोमध पाणी जास्त, तिथं कडा जास्त मागं गेला, म्हणून नालेचा आकार. आणि हे काम मार्च महिन्याच्या धारेनं होत नाही. मोठे ठोकळे हलवायला २०१९ सारखंच पाणी लागतं.

विहीर_खणणारा

लाव्हाच्या थरांचं मी सांगतो. आमचा धंदा विहिरी-बोअरचा. निपाणी-चिकोडीकडं काळा पाषाण फोडत जाताना मधेच तांबड्या मातीचा पट्टा लागतो, कुठं वीतभर, कुठं हातभर. मग परत काळा पाषाण. दगडात माती आली कुठून, हे मला कधी कुणी सांगितलं नाही.

दगडधोंडे

एक थर येऊन थंड झाला आणि पुढचा यायला पुष्कळ काळ गेला. त्या मधल्या काळात ऊन-पावसानं वरचा दगड कुजून माती झाली. मग नवा लाव्हा त्या मातीवर पसरला आणि तिला भाजून काढलं, म्हणून ती विटेसारखी तांबडी. दोन उत्पातांमधली विश्रांती तुम्ही ड्रिलनं मोजताय.

विहीर_खणणारा

आता गिऱ्हाइकाला हे सांगून फुटाचा दर वाढवून घेतो. 😀

कणकुंबीचा_पाऊस

खानापूरकडचं कुणीच बोलेना म्हणून लिहितोय.

आमच्याकडं पूर येऊन थांबत नाही, पाणी पळतं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमचं कणकुंबी फार मागं नाही. बेळगावात येईस्तोवर बाराशे-तेराशे आणि अथणीला सहाशेच्या आत-बाहेर. एकाच जिल्ह्यात इतका फरक. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडं तीनशे किलोमीटर जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. तिच्यापासून थोड्याच अंतरावरचं पाणी म्हादईत पडतं आणि गोव्याकडं कड्यावरून उड्या मारत जातं. (राखणदार, वादाचं काही लिहिलेलं नाही, फक्त वाट सांगितली.)

पश्चिमेकडच्या वाटेला उतार जबरदस्त, म्हणून ते पाणी डोंगर जास्त खातं. सह्याद्रीचा कडा असा हळूहळू पूर्वेकडं सरकत आलाय असं भूशास्त्रवाले म्हणतात. माणसाच्या आयुष्यात ते दिसत नाही. दिसतं ते दरडींतून. कडा सरकतो म्हणजे रोज केसभर सरकतो असं नाही. कित्येक वर्षं काही होत नाही आणि एका रात्री अख्खा उतार खाली येतो.

आमच्याकडं डोंगरावर वर जांभा. चिरे काढतो तो. कडक, पण भोकाभोकांचा. पाणी त्यातून आरपार खाली जातं आणि खाली असते पांढरट-गुलाबी चिकण माती. ती पाणी पुढं जाऊ देत नाही. सलग चार-पाच दिवस झड लागली की ती माती बुळबुळीत होते आणि वरचा कडक थर ओल्या साबणावर ठेवलेल्या विटेसारखा घसरायला मोकळा होतो. त्यात कुणी रस्त्यासाठी पायथा कापला असेल तर बघायलाच नको. अनमोड घाटात २०२५ च्या पावसाळ्यात रस्त्याची कड खचली ती आपण सगळ्यांनी फोटोत बघितली.

कारवार_वारी

पायथा कापण्याचं उदाहरण आमच्या शेजारीच आहे. अंकोला तालुक्यातलं शिरूर. १६ जुलै २०२४. आमचं दर उन्हाळ्यात त्या रस्त्यानं जाणं, म्हणून बातमी वाचल्यावर पाय लटपटले. हायवे ६६ च्या एका अंगाला कापलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला गंगावळी नदी. डोंगर आला तो रस्ता, चहाची टपरी, गाड्या सगळं घेऊन नदीत. वाहून गेलेला ट्रक नदीच्या तळातून काढायला सव्वादोन महिने लागले.

लोक ट्रकाचं बोलतात. पलीकडच्या काठावरच्या उळुवरे गावाचं कमी बोलतात. एवढी माती एकदम नदीत पडल्यावर पाणी उसळलं आणि समोरच्या काठावरची घरं त्या लाटेनं मोडली. ज्यांच्या डोक्यावर डोंगरच नव्हता त्यांना दरडीनं गाठलं. आणि नदीच्या मधोमध मातीचा ढीग तयार झाला, बेटच म्हणा. सकाळी काही नव्हतं तिथं.

कणकुंबीचा_पाऊस

होय. दरड पडते तेव्हा एका जागचा डोंगर कमी होतो एवढंच आपल्या डोक्यात असतं. तो माल कुठंतरी जातो. वायनाडला ३० जुलै २०२४ ला वर सुटलेला भाग इस्रोच्या मोजणीप्रमाणं ८६ हजार चौरस मीटर, म्हणजे एकवीसेक एकर. पण राडारोडा ओढ्याच्या पात्रातून सात-आठ किलोमीटर खाली गेला आणि मुंडक्कई, चूरलमला ही गावं पात्राच्या वाटेत होती. ओढ्याचं पात्र किती तरी पट रुंद झालं. माळीणला २०१४ ला तीच तारीख, ३० जुलै. तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तारखा बघा. पावसाची सुरुवात नाही, मधला काळ. डोंगर आधीच पाण्यानं भरलेला आणि वरून मोठा पाऊस.

म्हणून आमच्याकडं जूनमधल्या पहिल्या पावसाला मी घाबरत नाही. आषाढ संपत आल्यावर रात्री झोप लागत नाही.

शाळामास्तरीण

फार छान चाललंय. पोरांना वाचून दाखवणार आहे. एक शंका. पोरं पहिल्यांदा भूकंपाचंच विचारतात, कारण सिनेमात तेच दिसतं. आपल्या भागात भूकंपानं जमीन बदलली असं काही आहे का?

दगडधोंडे

बाई, आपल्या भागाला भूकंपाचे हादरे माहीत आहेत, पण जमिनीचा आकार बदलण्याइतकं इथं काही अलीकडं झालेलं नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आमच्या आईला शेवटपर्यंत आठवायची. फडताळातली भांडी खाली आली होती. केंद्र कोयनेला, पण बेळगावपर्यंत जाणवला. कोयनेजवळ जमिनीला भेगाही पडल्या. मोठ्या जलाशयाचं पाणी आणि भूकंप यांचा संबंध जगभर अभ्यासला जातो त्यात कोयनेचं नाव पहिल्या ओळीत येतं.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा तर सपाट काळ्या रानात झाला. तिथं वरून बघून कुणाला शंका आली नसती. आपला भाग भक्कम खडकाचा, म्हणून इथं काही होत नाही, ही समजूत त्या पहाटेनं मोडली.

जमीन बदलण्याचं उदाहरणच द्यायचं तर कच्छ. १८१९ च्या जूनमध्ये तिथं भूकंप झाला आणि सपाट रणात जवळपास ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा उंचवटा उभा राहिला. शेजारची जमीन खचून सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. माणसांनी बांधलेला नाही म्हणून लोकांनी त्याला अल्लाबंद, म्हणजे देवाचा बांध, म्हटलं. आणि २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आणणाऱ्या भूकंपात निकोबारचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली बसलं, तिथल्या दीपगृहाच्या पायथ्याला समुद्र आला. त्याच भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा मात्र वर उचलला गेला, पोवळ्यांचे खडक उघडे पडले.

पण पोरांना हे सांगून झाल्यावर त्यांना शाळेमागच्या ओढ्यावर घेऊन जा. एका मोठ्या पावसाआधी आणि नंतर. कच्छपेक्षा ते जास्त लक्षात राहील.

शाळामास्तरीण

ओढा नाही सर, नाला आहे. आणि त्याचा वास असा की पोरं आपणहून जवळ जाणार नाहीत.

शहापूर_शिवार

बाई, तुमचा नाला आमच्याच रानात येतो बहुतेक. बळ्ळारी नाला. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातल्या भाताला दरसाल त्याचं पाणी. भात लावलं की नाला फुगतो, रोपं कुजतात, परत लावणी.

वर पुराच्या गाळाचं एवढं कौतुक वाचलं म्हणून लिहितोय. आमच्याकडं पुरानं मळी नाही आणली. शहराची घाण आणली, प्लास्टिक आणलं, जलपर्णी आणली. ती बांधाला अडकते आणि बांध फोडते. पाऊस पूर्वी पण पडायचा. पण वरच्या अंगाला रानं होती, पाणी मुरायला जागा होती. आता वर स्लॅब आणि काँक्रीट. पडलेलं पाणी तासाभरात नाल्यात. नाल्याची रुंदी मात्र कमी कमी होत चालली. कुणी कमी केली ते लिहीत नाही, परत राखणदार येतील. आमच्या बासमतीचा वास पंचक्रोशीत जायचा. आता दुसराच वास जातो.

राखणदार

तुमचा प्रतिसाद राहू दे, विषयाला धरून आहे.

मळीकाठ

शहापूर_शिवार दादा, तुमचं खरं आहे. गाळाचं पण सगळं गोड नाही. चुलत्यांच्यात ऊस आला तो पुढच्या साली. पुरातला ऊस गेलाच होता. शेंड्यावरनं पाणी गेलं की पोंग्यात गाळ बसतो आणि ऊस आतून कुजतो. बारीक गाळाची वरून खपली धरते, ती फोडली नाही तर उगवण होत नाही. आणि मागच्या सखल भागात पाणी साचून साचून चोपण झालंय, तिथं आता गवत पण नीट येत नाही.

खानापुरी_कौल

माझा आजा कौलाच्या कारखान्यात होता. खानापूरची कौलं आणि विटा ज्या मातीच्या, ती मलप्रभेच्या काठाची. कधीकाळच्या पुरांनी आणून टाकलेली चिकण माती. खानापुरात कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे ती काय उगीच नाही. म्हणजे निम्म्या बेळगावचं छप्पर पुरानं दिलंय. २०१९ ला मलप्रभेनं खाली मुनवळ्ळी, रामदुर्गाकडं घरं पाडली, त्यातल्या किती घरांवर खानापुरी कौलं असतील कुणास ठाऊक.

जांबोटी_वळण

धागा वाचून पोटात गोळा आला म्हणून विचारतोय. आमचं घर जांबोटीकडं, डोंगराच्या उताराला. वडिलांनी मागचा उतार कापून जागा सपाट केली आणि त्याला दगडी ताल बांधली. यंदा तालीच्या मधोमध फुगवटा आलाय. मागचं दार चौकटीला घासायलंय. आणि तालीच्या खालच्या दगडातून पाणी यायलंय, पूर्वी तिथं कधी येत नव्हतं. ही काळजीची गोष्ट आहे का?

कणकुंबीचा_पाऊस

आहे. उशीर करू नका.

फुगवटा, दार घासणं आणि नवा झरा, तिन्ही एकत्र म्हणजे मागची माती पाण्यानं भरून पुढं रेटायली. आधी वर जाऊन बघा, उतारावर आडवी भेग आहे का. झाडांची बुंधं एका बाजूला कलली आहेत का. भेग असेल तर ती चिकण मातीनं ठोकून बुजवा आणि वर ताडपत्री टाका, पाणी आत जाता कामा नये. उताराच्या वर आडवा चर काढून पाणी घराच्या बाजूनं, लांबून ओढ्याला सोडा. तालीला पाणी निघायला भोकं ठेवली नसतील तर फुगवटा येणारच. पण आता भर पावसात ती ताल पाडायला किंवा भोकं मारायला जाऊ नका, ते उन्हाळ्याचं काम.

झऱ्याचं पाणी निवळ आहे तोवर लक्ष ठेवा. ते गढूळ झालं किंवा चालू झरा एकदम बंद पडला, तर सामान बघत बसू नका, माणसं आणि जनावरं घेऊन बाहेर. मोठ्या झडीच्या रात्री मागच्या खोलीत कुणाला झोपवू नका. खरं म्हणजे आषाढभर पाव्हण्यांकडंच राहा.

दगडधोंडे

वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. जिल्ह्याच्या खाण आणि भूविज्ञान खात्याच्या कार्यालयात अर्ज देऊन पाहणी मागून घ्या. फोटो तारखेसकट काढून ठेवा, दर आठवड्याला त्याच जागेवरून. फुगवट्याच्या दोन्ही बाजूला खुंट्या ठोकून सुतळी ताणून ठेवली तर तो वाढतोय की नाही ते डोळ्यांनी दिसेल.

जांबोटी_वळण

आज सकाळी वर जाऊन आलो. आडवी भेग आहे, काजूच्या झाडांच्या खालून. चर आधीपासून होता, पण वरच्या बागेच्या मालकानं तो वळवून आमच्याच बाजूला सोडलाय. ताडपत्री आणायला भाऊ खानापूरला गेलाय. आई आणि म्हैस आजच मामाकडं पाठवली.

मालक बोलून ऐकणाऱ्यातला नाही. ग्रामपंचायत आणि तहसीलदार दोन्हीकडं अर्ज द्यायचाय, कन्नडात. मला बोलता येतं, लिहायला जमत नाही. कुणाकडं नमुना आहे का?

घटप्रभाकाठ

आहे. चराच्याच तक्रारीचा होता, पण दरडीचं कलम त्यात घालून देतो. तुमचा सर्व्हे नंबर आणि भेगेचे फोटो व्यनि (खासगी निरोप) करा, संध्याकाळपर्यंत लिहून पाठवतो. पोच घेतल्याशिवाय टपालात टाकून येऊ नका.